काम कोठे थांबवायचे, हे आधी ठरवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये इंदिरानगरला राहणाऱ्या एका भगिनींना विणकाम आणि शिवणकाम दोन्ही चांगले येते. त्यांचे यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात, मुलगी दुसरीत आहे आणि घरात सासूबाई आहेत. मागच्या थंडीत मुलीसाठी विणायला घेतलेला स्वेटर बाह्यांपाशी थांबला आहे, नणंदेच्या बाळासाठी शिवायला घेतलेली गोधडी घडी होऊन कपाटावर गेली आहे आणि शेजारणींचे तीन ब्लाउज कापून पडले आहेत. "घर सांभाळून या कामांना वेळ कसा काढावा?" असे त्या विचारतात, पूर्वी जे काम पाहून बरे वाटायचे, ते आता दिसले की अपराधी वाटते, असेही त्यांनी लिहिले आहे.

मी गेली तीस वर्षे पंचवटीत शिवणाचे आणि विणकामाचे वर्ग घेते आणि त्याच काळात माझे घर, दोन मुले, सासू-सासरे असे सारे सांभाळले आहे. या अनुभवावरून मला सांगावेसे वाटते की तुमची खरी अडचण वेळेची नाही. दिवसातून चाळीस मिनिटे बहुतेक घरांत सापडतात. अडचण आहे ती थांबलेले काम पुन्हा सुरू करण्याची. पिशवी उघडायची, कितवी ओळ होती ते आठवायचे, घटवलेले टाके मोजायचे, कापलेल्या तुकड्यांत उजवी बाजू कोणती ते पाहायचे, मशीनवरचा दोरा बदलायचा, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) भरायची. एवढे होईपर्यंत अर्धा तास जातो आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते किंवा मुलगी शाळेतून येते. असे दोन-तीनदा झाले की हात पुन्हा त्या पिशवीकडे जातच नाही. म्हणून मी माझ्या विद्यार्थिनींना पहिल्याच आठवड्यात शिकवते ते असे की काम हातात घेण्यापूर्वी ते आज कोठे थांबवायचे हे ठरवावे, आणि थांबताना ते असे ठेवावे की आठ दिवसांनी उचलले तरी दोन मिनिटांत हात चालू लागेल.

विणकामात याचा अर्थ अगदी साधा आहे. ओळ अर्धी टाकून उठू नये. अर्ध्या ओळीवर सुया ठेवल्या की मधल्या जागी टाके ओढले जातात, सैल पडतात आणि धुतल्यावरही कधीकधी तेथे खूण राहते. सुलट-उलट विणीत, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक उलट अशा विणीत, उलट ओळ पुरी करूनच थांबावे, म्हणजे पुढच्या वेळी सुलट बाजू समोर येते आणि वीण पाहूनच पुढचे उमगते. दर दहा ओळींनी वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा एका टाक्यात अडकवावा. ओळी मोजण्याचा त्रास कायमचा संपतो. वहीत झालेले काम लिहिण्यापेक्षा पुढचे काम लिहावे. "64 ओळी झाल्या" या नोंदीपेक्षा "आता मुंढ्यासाठी (बाही बसते त्या जागेसाठी) दोन्ही बाजूंना 5 टाके बंद करायचे, मग एक ओळ सोडून एक टाका घटवायचा" ही नोंद कितीतरी अधिक उपयोगाची असते, कारण पहिल्या नोंदीवरून पुन्हा विचार करावा लागतो आणि दुसरीवरून थेट हात चालतो. काम महिनाभराहून अधिक बाजूला राहणार असेल, तर टाके सुईवर ठेवू नयेत; जाड सुती दोऱ्यात ओवून ठेवावेत. सुईवर बराच काळ राहिलेल्या ओळीची आडवी रेघ उठते, आणि शिवाय सुया अडकून पडतात त्या वेगळ्याच.

शिवणातही हीच रीत आहे, फक्त थांबे वेगळे आहेत. मापे घेऊन कागद (कापण्याचा कागदी नमुना) काढणे, कापड कापणे, अस्तर जोडणे, पुढच्या भागाचे टक्स (आकारासाठीच्या चुण्या) घालणे, पट्ट्या लावणे, खांदे आणि गळा, बाह्या, मग बाजूची शिलाई आणि शेवटी हुक, काज, तुरपाई. या प्रत्येक पायरीनंतर थांबता येते, पण पायरीच्या मध्ये थांबू नये. बाही अर्धी बसवून उठलात, तर परत आल्यावर ती उसवूनच बसवावी लागते असे समजा. थांबताना तुकड्यांची घडी करून, उरलेल्या कापडाच्या पट्टीने बांधून, वर मापांचा कागद आणि पुढची पायरी लिहिलेली चिठ्ठी टाचावी.

कापणे मात्र या साऱ्यात वेगळे आहे, त्याला मी फार जपते. माझ्या लग्नानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षी, एका ओळखीच्या बाईंचा येवल्याच्या पैठणीवरचा ब्लाउज मी रात्री अकराला, मुले झोपल्यावर कापायला घेतला. सकाळी जोडायला बसले तेव्हा लक्षात आले की दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या गेल्या होत्या. ब्लाउजपीस मोजकाच होता, त्यात दुसरी बाही निघत नव्हती. त्या बाईंकडे जाऊन मी सारे खरे सांगितले, बाहीच्या वरच्या भागाला रंगाला रंग मिळणाऱ्या साध्या रेशमाचा जोड दिला आणि शिलाई घेतली नाही. त्या रागावल्या नाहीत. परंतु ते कापड पुन्हा जसेच्या तसे मिळणारे नव्हते, याची रुखरुख मला आजही आहे. तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतर मी कात्री हातात घेत नाही. चुकलेली टीप उसवता येते, चुकलेली वीण उलगडता येते, पण कात्री एकदा फिरली की माघार नसते. कापण्यासाठी दिवसाउजेडी, घरात शांतता असताना, अखंड एक तास हवा. तसा तास आठवड्यातून एकदाच मिळत असेल तर त्या तासात फक्त कापावे, शिवायला बसू नये.

यातून दुसरी गोष्ट निघते. कोणते काम घरातल्या गडबडीत चालते आणि कोणते चालत नाही, याची वाटणी स्पष्ट असावी. साधी सुलट-उलट वीण, हुक-काज, तुरपाई, साडीला फॉल लावणे, गोधडीचा धावदोरा, लडीचा गोळा करणे ही कामे मुलीचा अभ्यास घेताना, सासूबाईंशी बोलताना, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसल्या जागी होतात. नक्षीची वीण, गळ्याचे घटवणे, कापणे आणि मशीनवरचे काम यांना पूर्ण लक्ष लागते. बऱ्याच जणी गडबडीच्या वेळी लक्षाचे काम काढतात, ते चुकते, आणि मग दुपारच्या शांत तासात ते उसवत बसतात. हाताशी एक लहान डबा कायम तयार असावा, ज्यात फक्त हातशिलाईची कामे आणि त्यांना लागणारे दोरे ओवलेल्या सुयांसकट असतील. मी पाच-सहा सुया रोजच्या रंगांच्या दोऱ्यांनी ओवून टाचणीच्या उशीत टोचून ठेवते. चाळिशीनंतर सुई ओवायला जो वेळ लागतो तो संध्याकाळच्या दिव्यात दुप्पट होतो, म्हणून हे सकाळच्या उजेडात उरकावे.

आता तुमच्या घराच्या वेळापत्रकाकडे पाहू. पाळी दर आठवड्याला बदलते असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा रोज दुपारी दोन ते तीन असा पक्का नियम तुमच्याकडे टिकणार नाही आणि तो मोडला म्हणून तुम्ही स्वतःला दोष द्याल. त्याऐवजी पाळीप्रमाणे आठवडा आखावा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात पहाटे डबा असतो, दुपारी यजमान घरी येऊन आडवे होतात, मग मशीनचा आवाज नको. त्या आठवड्यात मशीन झाकून ठेवावी आणि फक्त विणकाम व हातशिलाई घ्यावी. दुसऱ्या पाळीचा आठवडा हा तुमचा मशीनचा आठवडा. ते दुपारी गेले की मुलगी येईपर्यंतचा वेळ आणि रात्रीचा एखादा तास तुमचा असतो. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी घरात झोप चाललेली असते, तेव्हा कागद काढणे, मापे लिहिणे, बॉबिन हाताने भरणे अशी बिनआवाजाची कामे करावीत. एका आठवड्यात मशीनला हात लागला नाही म्हणजे काम मागे पडले, असे मुळीच नाही; ते पुढच्या आठवड्यासाठी तयार होत असते.

मशीन रोज कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर मांडावी लागत असेल, तर एवढी एकच गोष्ट बदलण्यासाठी घरात बोलावे. खिडकीजवळ अडीच-तीन फूट जागा मशीनला कायमची मिळाली, की तुमची निम्मी तक्रार मिटेल. पायमशीन असेल तर ती विकू नका. वीज गेली तरी चालते आणि मोटरपेक्षा तिचा आवाज खालच्या मजल्यावर कमी जातो. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी ओली असते की आठ-दहा दिवस न वापरलेल्या मशीनच्या सुईवर गंज दिसतो, म्हणून झाकण घालताना तेलाचा एकेक थेंब द्यावा आणि पुन्हा बसताना आधी चिंधीवर दोन-चार टिपा माराव्यात, नाहीतर पहिला डाग ब्लाउजवर पडतो. सुई साध्या सुती कापडाला 14 नंबरची, जॉर्जेटसारख्या तलम कापडाला 11 ची आणि जाड कापडाला 16 ची लावावी. बोथट सुईने टाके सुटतात आणि दोष आपण मशीनला किंवा स्वतःला देतो.

किती वेळ लागेल याचा अंदाज मनाने करू नये, टाके मोजून करावा. तुमच्या मुलीच्या मापाचा, छातीत 68 सेंटिमीटरचा स्वेटर 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या सुयांवर विणताना 10 सेंटिमीटरला 22 टाके आणि 30 ओळी बसतात असे धरू. मागचा भाग 75 टाक्यांचा, लांबी 40 सेंटिमीटर म्हणजे 120 ओळी; एकूण 9,000 टाके, आणि पुढचा भाग तेवढाच. दोन बाह्या मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास. मुंढा आणि गळ्याचे घटवलेले टाके वजा केले तरी 26,000 टाके उरतात. सरावाचा हात मिनिटाला वीसेक टाके विणतो, म्हणजे बावीस तास, आणि गळपट्टी व जोडकाम धरून पंचवीस. दिवसाला 40 मिनिटे आणि आठवड्यातून पाच दिवस धरले, तर साडेसात आठवडे झाले. निफाड-नाशिकची थंडी डिसेंबरच्या मध्यावर बोचू लागते आणि मध्ये दिवाळीचे दोन आठवडे हातात सुई येत नाही. तेव्हा टाके ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवेत. तुम्ही डिसेंबरात टाके घातलेत आणि संक्रांतीनंतर ऊन तापू लागल्यावर काम सुटले. यात तुमचा आळस कोठेच नव्हता, फक्त सुरुवात उशिरा झाली होती.

येथे एक इशारा देते, कारण घाईत नेमके हेच चुकते. दमलेल्या, चिडलेल्या हाताची वीण घट्ट होते. 10 सेंटिमीटरला 22 ऐवजी 24 टाके बसू लागले, तर त्याच 150 टाक्यांचा घेर 68 वरून साडेबासष्ट सेंटिमीटरवर येतो, आणि स्वेटर मुलीच्या डोक्यातून उतरतो पण अंगाला बसत नाही. ज्या दिवशी घरात वादावादी झाली असेल किंवा डोके दुखत असेल, त्या दिवशी विणू नये. गोळे करावेत, बटणे लावावीत. विणकामाने मन शांत होते हे खरे आहे, मी स्वतः ते पुष्कळदा अनुभवले आहे, पण त्यासाठी एखादे मापाचे बंधन नसलेले काम, मफलर किंवा पायपुसणे, वेगळे ठेवावे.

वर्षाची आखणी आपल्या सणवारांनी सोपी केली आहे, तिचा फायदा घ्यावा. चातुर्मासात लग्ने नसतात, त्यामुळे ब्लाउजची मागणी कमी असते. गौरी-गणपती सोडले तर हा काळ गोधड्यांचा आणि घरच्या कपड्यांचा. पितृपंधरवड्यात नव्या कपड्यांची खरेदी टाळतात म्हणून कोणी नवे काम आणत नाही. तेव्हा जुने स्वेटर उलगडावेत, लोकर धुऊन लडी करून खाली हलके वजन बांधून वाळवावी म्हणजे वेटोळे निघतात. पुढे ऑक्टोबरच्या उन्हात सारी लोकर आणि लोकरीचे कपडे एकदा वाळवून घ्यावेत. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि तेव्हा हातात घरचे एकही मोठे शिवण नसावे. दिवाळीचे काम घेण्याची शेवटची तारीख मी दसरा ठेवली आहे. त्यानंतर कितीही जवळची व्यक्ती आली तरी "दिवाळीनंतर देईन" असे पहिल्याच वाक्यात सांगते. हे सांगणे जड जाते, शेजारधर्म असतो. पण हो म्हणून ब्लाउज दोन महिने ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

खरेदीविषयी थोडेच. इंदिरानगरहून मेनरोडला जाऊन, गाडी लावायला जागा शोधून, दोऱ्याची एक रीळ आणि अर्धा मीटर अस्तर घेऊन येण्यात सकाळ जाते. महिन्यातून एकदाच जावे, प्रत्येक कापडाची कातरण वहीत टाचून न्यावी आणि टू बाय टूचे (बारीक सुती कापडाचे) अस्तर व साडीचे फॉल एकदम आणून त्याच रात्री भिजत घालावेत, म्हणजे ते आधीच आटतात आणि ब्लाउज पहिल्या धुण्यात आखडत नाही. लोकर घेताना पूर्ण स्वेटरची एकाच वेळी, एकाच लॉट नंबरची, म्हणजे एकदम रंगवलेली घ्यावी; पुढच्या महिन्यात आणलेला तोच रंग बाहीत वेगळा दिसतो.

घरच्यांना या कामात घेण्याबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, तरीही लिहिते. सातव्या-आठव्या वर्षी मूल दोन्ही हातांवर लडी धरून बसू शकते, बटणे रंगानुसार वेगळी करू शकते. सासूबाईंची नजर साथ देत असेल तर गोधडीचा धावदोरा त्यांच्याइतका सरळ कदाचित तुमचाही येणार नाही. त्यांना मदत मागू नका, त्यांच्याकडून शिकून घ्या. घरात काम करण्याची हवा त्याने बदलते आणि संध्याकाळी तुम्ही सुई हातात घेतली की "आता हे काय काढले" असे कोणी म्हणत नाही. मात्र लहान मूल असलेल्या घरात टाचण्या मोजून वापराव्यात. माझ्या उशीत वीसच असतात आणि उठताना वीस मोजल्याशिवाय मी सतरंजी झटकत नाही. आणि शेगडीजवळ विणू नये. आज बाजारात मिळणारी बरीचशी लोकर ॲक्रिलिकची असते, ती ठिणगीने वितळते आणि कातडीला चिकटते.

आता तुमच्या तीन कामांविषयी. सर्वप्रथम शेजारणींना आजच सांगा की एक ब्लाउज या शनिवारी, दुसरा पुढच्या आणि तिसरा त्यानंतरच्या शनिवारी मिळेल. तिन्ही एकदम पुढे नेण्याचा मोह टाळावा. दोरे तीन रंगांचे आहेत, दर वेळी मशीनवरचा दोरा बदलावा लागेल आणि तिन्ही अर्धेच राहतील. अस्तराचा ब्लाउज मशीनवर तीन तासांचा आणि हातशिलाईचा एक तासाचा आहे, त्यामुळे आठवड्याला एक सहज होतो. पाळीमुळे मशीन बंद राहील त्या आठवड्याचा ब्लाउज आदल्या आठवड्यातच मशीनवरून उतरवून हुकांपर्यंत आणून ठेवावा.

स्वेटर मुलीच्या अंगाला लावून पाहा. या वयात मुले वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होतात, तेव्हा लांबी कमी पडत असेलच. छातीत बसत असेल तर बाह्या विणूच नका. खांदे जोडून मुंढ्याच्या कडेने टाके उचला, 10 नंबरच्या सुयांवर दोन सुलट, दोन उलट अशी आठ ओळींची पट्टी घाला, गळ्यालाही तीच, आणि खालच्या काठाचे टाके उचलून चार बोटे लांबी वाढवा. शाळेच्या शर्टावर घालायला बिनबाह्यांचा स्वेटर चांगला होतो आणि हे काम आठवड्याभराचे आहे. छातीतच लहान होत असेल तर मोकळ्या मनाने उलगडा. ती लोकर पुढच्या ऑक्टोबरला थोड्या नव्या लोकरीची भर घालून कामी येईल.

गोधडी शेवटी, पण तिची सुरुवात येत्या रविवारीच करावी, कारण ती अडली आहे ती एका पायरीवर. साड्यांचे थर जमिनीवर पसरून, सुरकुती काढून, वीतभर अंतराने मोठे कच्चे टाके घालणे एकट्या बाईला जमत नाही. दोघींनी समोरासमोर बसून, कापड ताणून धरूनच ते करावे लागते. जेवणे आटोपल्यावर सासूबाईंबरोबर हॉलमधले सामान सरकवून बसा, तासाभरात होईल. एकदा थर पक्के झाले की कडेने फेरी धरून आत येणारा धावदोरा कोणीही, कधीही घालू शकते. थांबताना मात्र फेरीचा कोपरा गाठूनच थांबावे आणि सुई तेथेच टोचून न ठेवता दोरा गाठ मारून तोडावा, कारण ही गोधडी बाळाच्या अंगाखाली जाणार आहे.